चाकावरचा वाडगा : नवशिक्यांस कसें शिकवावें

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मंडळींतील दोघां शिक्षकांनीं विचारिलें कीं, मुलांस चाकावर मातीचे वाडगे करावयास शिकवावयाचें असेल तर प्रारंभ कोठून करावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्यानें एकदां तरी ओल्या मातीचा गोळा फिरत्या चाकावर धरून पाहिला आहे त्यास ठाऊक आहे कीं, कुंभाराच्या हातीं जें काम सहज होतांना दिसतें तेंच आपल्या हातीं आलें म्हणजे चिखल कोपरापर्यंत उडतो व गोळा चाकावरून निसटून अंगणांत जाऊन पडतो. मी स्वतः हें काम पस्तिशी उलटल्यावर आमच्या गांवच्या एका वृद्ध कुंभारमामांपाशीं शिकलों, व त्यानंतर चार उन्हाळे मुलांमुलींचा वर्ग त्यांच्याच अंगणांत चालविला. त्यांत ज्या चुका मीं केल्या त्या वाचकांनीं पुन्हा करूं नयेत, एवढ्याच हेतूनें हा धडा लिहीत आहें.

प्रथम वाडगाच कां, हें सांगतों. फिरणाऱ्या चाकावर मातीचा ओढा नेहमीं बाहेरच्या बाजूस असतो. उभें, अरुंद तोंडाचें भांडें करावयाचें तर या ओढ्याशीं सारखें झगडावें लागतें. वाडग्यास मात्र तो ओढा कांहीं अंशीं साह्य करितो. नवशिक्यानें पेला करावयास घेतला तरी बहुधा त्याचा वाडगाच होतो! परंतु जो ओढा साह्य करितो तोच शेवटीं घात करितो, कारण कांठ फार लवकर पसरला कीं वाडगा बसकण मारितो. ही गोष्ट शिकवणाऱ्यानें पहिल्या दिवसापासून ध्यानांत ठेवावी.

माती कोणती घ्यावी? शेतांतील काळी माती घेऊं नये. ती पाण्यानें फार फुगते व वाळतांना तितकीच आकसते, म्हणून तिचीं भांडीं सावलींतही तडकतात. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या कांठची चिकण माती आणावी, वाळवून कुटावी, पाण्यांत भिजत घालावी, चाळणींतून गाळावी, व वरचें पाणी काढून टाकून ती कणकेइतकी घट्ट होऊं द्यावी. ती फारच चिकट असेल तर तींत बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळावी. आमचे मामा घोड्याची लीदही घालितात. मिश्रण बरें झालें कीं नाहीं हें पाहण्याचा उपाय सोपा आहे. बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवतीं वळवावी. वळतांना भेगा पडल्या तर माती अद्याप भुसभुशीत आहे असें समजावें. दुसरी परीक्षा आकसण्याची. ओल्या मातीच्या वडीवर बरोबर १० सेंटिमीटरांची रेघ ओढावी, व वडी वाळून भाजल्यावर ती रेघ पुन्हा मोजावी. ती ९ सेंटिमीटर भरली तर माती दहांत एक भाग आकसते असें ठरलें. पुष्कळशा माती याच सुमारास आकसतात, आणि मूल जेव्हां विचारितें कीं, “माझा वाडगा लहान कसा झाला?” तेव्हां ही वडी त्याच्या हातांत द्यावी.

मळणें हा स्वतंत्र धडा आहे. घरीं आईला कणीक मळतांना पाहिलेलीं मुलें माती तशीच दुमडून दुमडून मळतात, आणि प्रत्येक दुमडीबरोबर आंत वारा कोंडितात. मातींतून वारा काढावयाचा असतो. गोळा तारेनें मधोमध कापावा, एक अर्ध दुसऱ्यावर जोरानें आपटावें, पुन्हा दाबावें, पुन्हा कापावें. कापलेल्या अंगावर एकही छिद्र दिसेनासें होईपर्यंत हें करावें. नंतर अर्धा अर्धा किलोचे गोळे करून ओल्या फडक्याखालीं झांकून ठेवावे. एका मुलामागें एका दिवसास आठ दहा गोळे तरी असावे. दोनच गोळे दिले तर मूल त्यांस जपूं लागतें, आणि जो जपतो तो शिकत नाहीं.

चाकाविषयीं थोडेंच सांगतों. आमच्या खेड्यांतलें जुनें चाक जड असून खुंटीवर तोललेलें असतें व कुंभार त्यास काठीनें फिरवितो. तें फार सुंदर फिरतें. परंतु त्याची गति दर क्षणास कमी होत जाते, म्हणून नवशिक्याचा हात बसण्यापूर्वींच चाक मंदावतें. पायानें फिरवावयाचें चाक किंवा विजेचें चाक मिळाल्यास तें शिकण्यास बरें. खादी व ग्रामोद्योग आयोगानें २०१८ सालीं कुंभारांसाठीं योजना काढून विजेचीं चाकें वाटण्यास प्रारंभ केला. तसें एखादें चाक जवळच्या कुंभाराकडे असेल तर त्यास विनंती करून पाहावी. विजेच्या चाकाची गति पायाखालीं असते, हाच त्याचा खरा उपयोग. चाक कोणत्याही दिशेनें फिरो, ज्या बाजूस माती आपल्यापासून दूर जाते त्या बाजूस हात ठेवावा. समोरून अंगावर येणाऱ्या मातीवर हात धरिला तर बोटें आंत ओढलीं जातात.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे गोळा मध्यावर आणणें. माझ्या अनुभवानें सारें शिक्षण यांतच आहे. चाक जवळ जवळ कोरडें असावें, हात ओले असावे. गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आपटावा व चाक वेगानें फिरवावें. डावें कोपर मांडीवर किंवा बरगडीशीं घट्ट टेकवावें. हें कोपर हललें कीं सर्व गेलें. डाव्या तळव्यानें बाजूनें व उजव्या मुठीच्या कडेनें वरून, असा दोन्हीकडून सारखा दाब द्यावा. नंतर दोन्ही तळव्यांनीं माती सुळक्यासारखी वर चढवावी व पुन्हा खालीं दाबावी. असें दोनतीन वेळां करावें. मुलें येथें एक चूक हटकून करितात. गोळा डळमळूं लागला कीं त्यांचे हात त्याच्याबरोबर डळमळतात. माती हात हलविते आणि मुलास वाटतें कीं, आपणच माती हलवीत आहों. मामा अशा वेळीं मुलाच्या कोपरावर स्वतःचा हात ठेवितात, मातीवर कधीं ठेवीत नाहींत. परीक्षा अशी कीं, डोळे मिटून एक बोट गोळ्याच्या अंगाशीं स्थिर धरावें. बोटाला एकही धक्का लागला नाहीं तर गोळा मध्यावर आला. डोळे मिटावयास सांगण्याचें कारण, डोळ्यांस गोळा स्थिर दिसूं लागतो त्या वेळींही बोटास फरक कळत असतो. आणखी एक गोष्ट : हात मातीवरून एकदम काढूं नये, हळूहळू दाब सैल करीत काढावा. एकदम काढलेला हात सारें केलेलें काम मोडून टाकितो. दोन दिवस मुलांस याहून अधिक कांहीं देऊं नये. मुलें कुरकुर करितील, करूं द्यावी.

तिसऱ्या दिवशीं गोळा उघडावा. अंगठे मध्यावर टेकून हळूहळू खालीं न्यावे, व तळाशीं एक सेंटिमीटर माती ठेवून थांबावें. किती उरली हें कळत नसल्यास सुई टोंचून पाहावें. सुईचें छिद्र बोटानें मिटतें. वाडग्याच्या आंत कोपरा असूं नये, म्हणून तळापासून कांठापर्यंत एकाच वळणानें बोटें बाहेर न्यावीं. मग तळ मध्याकडे दोनतीन वेळां दाबावा. हें दाबणें विसरल्यास वाळतांना तळावर नागमोडी चीर पडते, आणि ती चीर चाकावर असतांना मुळींच दिसत नाहीं.

भिंत चढवितांना आंत एका हाताचीं बोटें व बाहेर दुसऱ्या हाताच्या बोटांचीं पेरें समोरासमोर ठेवून तळापासून वर एकाच संथ चालीनें न्यावीं. चाक जितकें फिरेल तितकेंच बोट चढावें. चाकाच्या आधीं बोट धांवलें तर भिंतीवर मळसूत्रासारखे वळसे उमटतात. तीन वेळां चढविणें पुरे. कांठ शेवटपर्यंत मिटलेला ठेवावा व शेवटल्या खेपेसच तोंड पसरावें, आणि तोंड जसजसें रुंद होईल तसतसें चाक मंद करावें. पाणी थोडें वापरावें. तळांत सांचलेलें पाणी बोळ्यानें टिपून घ्यावें, नाहींतर भिंत खालून मऊ होऊन बसते. कांठावर ओल्या चामड्याची किंवा कापडाची पट्टी एक क्षण धरिली म्हणजे तो गोल होतो व ओठास बोंचत नाहीं.

येथें माझी चूक सांगतों. पहिल्या उन्हाळ्यांत वर्ग पाहण्यास पाहुणे येणार होते. मुलांचे वाडगे वेडेवांकडे होते, आणि मला वाटलें कीं, ते पाहून वर्गाचें नांव वाईट होईल. म्हणून प्रत्येक मूल उठलें कीं मी चाकावर बसून त्याचा वाडगा थोडा थोडा सारखा करीत असें. पाहुण्यांनीं फार स्तुति केली. संध्याकाळीं मुलें आपआपले वाडगे फळीवरून उचलूं लागलीं, परंतु अकरा वर्षांची एक मुलगी आपला वाडगा घेईना. मीं कारण विचारिलें तेव्हां ती म्हणाली, “पाद्रीसाहेब, हा माझा नव्हे, हा तुमचा आहे.” मला उत्तर सुचलें नाहीं. मामा दूर बसून चिखल तुडवीत होते, ते हंसले व म्हणाले, “साहेब, पोरीचा हात धरूं नगा. तार तिच्या हातांत द्या.”

त्या तारेचा अर्थ मला दुसऱ्या दिवशीं कळला. मामांनीं तिला वाडगा करूं दिला, आणि तो पुरा झाल्यावर चाकावरच तारेनें मधोमध उभा कापावयास सांगितलें. तिनें कापला. आंतून भिंत दिसली : खालीं जाड, मध्यें एकदम पातळ, कांठाशीं पुन्हा जाड. कोणी कांहीं बोललें नाहीं. तिनें स्वतःच बोट लावून पातळ जागा दाखविली. पुढचे पांच वाडगे तिनें तसेच कापले, आणि सहाव्याची भिंत बरीच सारखी निघाली. तेव्हांपासून आमच्या वर्गांत नियम आहे कीं, पहिले वीस वाडगे ज्याचे त्यानें कापावयाचे. शिक्षकानें मुलाच्या ओल्या भांड्यास हात लावूं नये. दाखवावयाचें असल्यास शेजारच्या चाकावर स्वतःचा गोळा घेऊन दाखवावें. पालक विचारितात, “इतके दिवस झाले, घरीं कांहींच कसें आणलें नाहीं?” त्यांस वर्गांत बोलावून एक गोळा मध्यावर आणावयास द्यावा. त्यानंतर ते विचारीत नाहींत.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस यिर्मयाच्या १८ व्या अध्यायांतील कुंभाराचें घर परिचित आहे. तेथें भांडें हातांतल्या हातांत बिघडतें आणि कुंभार त्याच मातीचें दुसरें भांडें करितो. लागलाच पुढचा, म्हणजे १९ वा अध्याय मात्र पुष्कळ जण निराळा वाचतात. तेथें संदेष्टा विकत घेतलेला मातीचा बुधला लोकांदेखत फोडतो, आणि तो पुन्हा नीट होण्याजोगा राहत नाहीं. चाकापाशीं बसून हे दोन अध्याय एकापुढें एक वाचले तर दोहोंमधील भेद हातास कळतो, कारण एकांत माती कच्ची आहे व दुसऱ्यांत भाजलेली. कच्चें भांडें पूर्ण वाळलें असलें तरी पाण्यांत टाकिल्यास विरघळून पुन्हा चिखल होतो. परंतु आंचेंत सुमारें ६०० अंशांपर्यंत तापल्यावर मातीच्या कणांत बांधलेलें पाणीही निघून जातें, आणि मग ती कितीही भिजविली तरी परत मळतां येत नाहीं. म्हणून वाडग्याची निवड भाजण्यापूर्वीं व्हावी. जो वाडगा ठेवण्याजोगा नाहीं तो दयेपोटीं भट्टींत घालूं नये. मातीस दुसरी संधि द्यावयाची वेळ ती कच्ची असतांनाच असते. गोऱ्या कुंभारांनीं थापटणें घेऊन संतांच्या डोक्यांवर वाजवून कोणतें मडकें कच्चें तें ठरविल्याची कथा आपल्याकडे घरोघरीं ठाऊक आहे. पण वाजवून पाहण्याची ती परीक्षा भट्टीनंतरची आहे. नवशिक्यास भट्टीपूर्वींची परीक्षा शिकवावयाची असते, आणि ती तारेची.

एकविसावा वाडगा ठेवावा. दोऱ्यानें खालून कापून तो फळीवर घ्यावा व सावलींत, कांठावर ओलसर फडकें टाकून वाळूं द्यावा, कारण कांठ आधीं वाळून तळ ओला राहिला तर भांडें चिरतें. एकदोन दिवसांनीं तो चामड्याइतका टणक होतो. हातास थंड लागतो परंतु दाबल्यास दबत नाहीं. या वेळीं तो चाकावर उपडा ठेवून, ओल्या मातीच्या तीन गोळ्यांनीं अडकवून, पत्र्याच्या वांकविलेल्या पट्टीनें तळाची जास्त माती सोलून काढावी. कोठें थांबावें हें बोटानें टिचकी मारून ओळखावें. जाड तळाचा आवाज बद्द येतो व पातळ होतांना तो मोकळा होत जातो.

नक्षीचें काम याच अवस्थेंत करावें. मुलांस नक्षीची फार घाई असते, आणि वांकडा वाडगा रंगानें झांकला जाईल असें त्यांस वाटतें. झांकला जात नाहीं. वांकड्या कांठाखालीं सरळ रेघ ओढली कीं कांठाचा वांकडेपणा दुप्पट दिसतो. आपल्याकडचा एक जुना नमुना मुलांपुढें ठेवण्याजोगा आहे. संगमनेरजवळ जोर्वे येथें १९५०-५१ सालीं सांकलिया व देव यांनीं उत्खनन केलें, आणि तेथें सांपडलेल्या भांड्यांवरून त्या जातीच्या भांड्यांस जोर्वे हेंच नांव पडलें. पुढें घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथेंही तीं विपुल सांपडलीं. सुमारें तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचीं हीं भांडीं चाकावर केलेलीं, चांगलीं भाजलेलीं, तांबड्या अंगावर काळ्या रेघांच्या भौमितिक नक्षीचीं आहेत. वाडग्यांचा खांदा मोडलेला असतो, आणि तोंडापाशींच्या रेघा भांड्याभोवतीं फिरतात. आमचे मामा कधीं शाळेंत गेले नाहींत, परंतु त्या भांड्यांचें चित्र दाखवितांच ते म्हणाले, “हा गडी चाक फिरतं ठेवून रंगवत व्हता.” पट्ट्याची रेघ तशीच ओढावी. वाडगा मध्यावर बसवून चाक मंद फिरवावें, कुंचला भरून हात टेकवून स्थिर धरावा, आणि रेघ चाकानें ओढावी. हातानें ओढूं नये. मुलांस हें कळलें कीं फार आनंद होतो.

रंग म्हणजे पातळ मातीच. गेरू बारीक वाटून पाण्यांत ढवळावा, जाड कण तळीं बसूं द्यावे, व वरचें तांबडें पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतून दाट होऊं द्यावें. त्यांत वाडग्याचीच थोडी गाळलेली माती मिसळावी. लेप व अंग यांचें आकसणें सारखें नसल्यास लेपाचे पापुद्रे सुटतात. लेप थोडा सुकल्यावर काडीनें खरवडून नक्षी काढितां येते, किंवा केसांच्या तुटक्या फणीचा तुकडा फिरत्या वाडग्यास लावून लाटा काढितां येतात. ज्यास कांहींच काढावयाचें नाहीं त्यानें नदींतला गुळगुळीत गोटा घेऊन वाडगा घोटावा. घोटलेलें अंग आमच्या भट्टींत टिकतें. फार मोठ्या आंचेंत ती तकाकी जाते. आमच्या भागांत पूर्वीं मुली व बायका रंगविणें, घोटणें एवढेंच करीत, चाकावर बसत नसत. आमच्या वर्गांत त्या चाकावर बसतात. मामांनीं पहिल्या दिवशीं थोडी कां-कूं केली, पुढें त्यांनीं आपल्या नातीसही आणून बसविलें.

चकाकत्या झिलईविषयीं कठोरपणें सांगणें भाग आहे. बाजारांत मिळणाऱ्या, कमी आंचेंत वितळणाऱ्या कांहीं झिलयांत शिसें असतें. तें चिंच, लिंबू, ताक अशा आंबट पदार्थांत उतरतें, आणि लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून कायमचा अपाय होतो. जीत काय आहे हें ठाऊक नाहीं अशी झिलई खाण्याच्या वाडग्यास कधीं लावूं नये. बिनझिलईचा वाडगा पाणी झिरपवितो, परंतु दह्यास तोच उत्तम, कारण दह्यांतलें पाणी शोषलें जाऊन तें घट्ट होतें. तसेंच, वाळलेल्या मातीची धूळ झाडूनें उडवूं नये; ती फुप्फुसांत बसते. कामाची जागा ओल्या फडक्यानें पुसावी.

भाजणें कुंभाराच्या आव्यांतच करावें, व त्याच्या सल्ल्यानेंच. आमच्या पहिल्या खेपेस मीं घाई केली. वाडगे वरून वाळलेले दिसले म्हणून मीं मामांस आग्रह केला, आणि आग लागून थोडा वेळ होतो न होतो तोंच आंतून फटाक्यांसारखे आवाज येऊं लागले. भिंतींत उरलेल्या पाण्याची १०० अंशांवर वाफ होते आणि तिला वाट न मिळाल्यास ती भांडें फोडते. निम्म्याहून अधिक वाडगे गेले. मुलें रडलीं नाहींत, मला मात्र फार वाईट वाटलें. आतां आम्ही प्रत्येक वाडगा गालास लावून पाहतों. थंड लागला तर अद्याप ओल आहे असें समजून तो उन्हांत ठेवितों. वाडगे आव्यांत उपडे रचितात, मध्यें गोवऱ्या व काटक्या, वर गवत व राखेचें पांघरूण. पहिले दोनतीन तास आंच अगदीं मंद ठेवावी. वाफ बाहेर पडणें थांबल्यावर ती वाढवावी. दुसऱ्या दिवशीं राख हातास सोसवेल इतकी निवल्यावाचून आवा उघडूं नये. गरम भांड्यास एकदम वारा लागला तर तें तडकतें.

फुटलेल्या वाडग्यांचे तुकडे टाकूं नयेत. ते कुटून, चाळून, पुढच्या वर्षाच्या मातींत दहा भागांस एक याप्रमाणें मिसळावे. त्यांनीं माती कमी आकसते व भट्टींत कमी फुटते. आमच्या अंगणांतल्या या वर्षींच्या मातींत त्या पहिल्या खेपेच्या वाडग्यांचा चुरा अजून थोडा आहे.